लेगोचा २००९ चा क्रोम (धातूसारखा चकचकीत थर दिलेला) डार्थ व्हेडर बाहुला घ्यावा का, आणि खरा कसा ओळखावा?

पैसे बाजूला असतील तर जरूर घ्या, पण फोटोवर विसंबून नको. जोडायच्या प्लास्टिक ठोकळ्यांची खेळणी बनवणाऱ्या लेगोच्या, स्टार वॉर्स सिनेमांवरच्या मालिकेला २००९ मध्ये १० वर्षं झाली, तेव्हा या सिनेमांतल्या खलनायकाचा, म्हणजे व्हेडरचा, हा चकचकीत काळा छोटा बाहुला फक्त १०,००० नग निघाला आणि स्टार वॉर्स संचांच्या जगभरच्या खोक्यांत कुठेही टाकला गेला. ज्याच्या नशिबात, त्याला मिळाला. म्हणून नकलाही भरपूर आहेत.

भिंग घ्या, डोकं काढा आणि मानेची खुंटी बघा. पाय वेगळे करून कमरेच्या खुंट्याही बघा. तिथे बारीक अक्षरांत लेगो उठलेलं असतं. मग खांदे. हात फिरवला की क्रोमचा थर तिथेच आधी घासला जातो, खाली साधं काळं प्लास्टिक दिसतं. खरा असूनही तो घासलेला असेल तर किंमत निम्म्यावर आणायला मी तरी कचरणार नाही. घरी आणल्यावर फडक्याने पुसू नका, मऊ ब्रशने धूळ झटका.

खिसा परवानगी देत नसेल तर लेगोच्या २००५ च्या टाय फायटर (स्टार वॉर्समधलं लढाऊ यान) संचातला व्हेडर शोधा. त्याचं डोकं दाबलं की हातातली तलवार लाल पेटते! मला तोच जास्त लाडका. फक्त आतला सेल बदलता येत नाही, त्यामुळे विकणाऱ्याकडून तलवार पेटतानाचा व्हिडिओ आधी मागून घ्या.