१०० यार्डांवर रायफलच्या छिद्रांचा गट घट्ट येतो, मग १००० यार्डांवर छिद्रे वर-खाली का पसरतात?

हाताने भरलेल्या काडतुसांची छिद्रे आडवी न पसरता उभ्या रेषेत पसरत असतील, तर पहिला संशय गोळी-गोळीच्या वेगातील तफावतीवर घ्यावा. वेग १ टक्क्याने घटला की गोळीची घसरण सुमारे २ टक्क्यांनी वाढते, आणि जवळच्या अंतरावर नगण्य असलेला हा फरक १००० यार्डांवर स्पष्ट उमटतो. दारूचे वजन बदलण्यापूर्वी पितळी कवचाच्या मानेची गोळीवरील पकड तपासावी: कवचात गोळी बसवणाऱ्या प्रेसवर एक गोळी सहज सरकत असेल आणि पुढची हाताला अडत असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे. क्रोनोग्राफवरील (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरील) ३ गोळ्यांचे आकडे फसवे असतात (मीही त्यांवर भाळलो आहे). किमान २० नोंदवावेत. रायफलवरील दुर्बिणीचे स्क्रू अर्थातच त्याआधी पाहावेत.