किसुमूच्या केअर सेंटरला जाताय? भिंती बांधायचा बेत सोडा

तुम्ही लिहिलंय की चर्चची बारा जणांची टीम जानेवारीत केनियात, किसुमूजवळ, केअर सेंटरच्या बांधकामाला जातेय. मुक्काम दोन आठवडे, आणि 'भिंती आपणच बांधू' असा विचार आहे. भिंती तिथल्या फुंडीला, म्हणजे गवंड्याला बांधू द्या. नवख्या हाताने बांधलेली भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नसली की तुम्ही परतल्यावर तोच ती पाडतो, आणि सिमेंट, मजुरी दोन्ही दोनदा जातं. स्थानिक बिगाऱ्यांची हजेरीही तुमच्यामुळे बुडता कामा नये. जादा माणसं खरी लागतात ती कॉंक्रिटच्या दिवशी.

पाया तुम्ही पोचण्याआधीच व्हायला हवा, म्हणून त्याचे पैसे आधी पाठवा. जागा किसुमूजवळच्या कानो या सखल मैदानी भागातली असेल तर आपल्या विदर्भ-मराठवाड्यासारखीच काळी माती असते. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती पूर्ण काढून मुरूम भरावा लागतो, तोही १५० मिलिमीटरच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुमसत. एकदम मीटरभर ओतून वरून धुमसलं तर खालचा मुरूम पोकळ राहतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर फरशी खचते.

फरशीचा हिशोब असा. १० बाय ६ मीटरची खोली, जाडी १०० मिलिमीटर, म्हणजे ६ घनमीटर कॉंक्रिट. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाला ५० किलोच्या सुमारे ४० गोण्या सिमेंट, २.८ घनमीटर वाळू आणि ५.६ घनमीटर खडी. माप पेटीने घ्या, फावड्याने नाही. एक गोणी सिमेंट साधारण ३५ लिटर भरतं, म्हणून पेटीही तेवढ्याच मापाची करा. पाणी गोणीमागे २५ ते २८ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. घोटाळा होतो तो इथेच: दुपारी हात थकले की माल 'सैल' करायला कुणीतरी हळूच बादली ओततं. ते कॉंक्रिट पसरायला सोपं, पण वाळल्यावर तडकतं आणि झाडू मारला की धूळ सुटते. पाण्यावर एकच माणूस ठेवा आणि तो जरा खडूसच निवडा.

काम सकाळी लवकर सुरू करा. व्हिक्टोरिया सरोवरामुळे किसुमूत कोरड्या महिन्यांतही दुपारनंतर सर येऊ शकते. प्लॅस्टिक हाताशी हवं. फरशी शनिवारी ओतू नका. रविवारी सगळे उपासनेला जातात आणि नेमक्या पहिल्या दिवशी पाणी मारायला कुणी नसतं. सोमवारी ओता, गोणपाट टाकून सात दिवस ओलं ठेवा. त्या पाण्याची सोय आधी विचारून घ्या.

नकाशात एक गोष्ट हटकून विसरली जाते: उतार. व्हीलचेअरसाठी १:१२ लागतो. जोतं ४५० मिलिमीटर उंच असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो, आणि बहुतेकदा तेवढी जागाच सोडलेली नसते. मग दीड-दोन मीटरची घसरगुंडी बांधतात, जिचा म्हाताऱ्यांना उपयोग शून्य. संडासाचं दार बाहेर उघडणारं हवं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं.

कागदपत्रं: पर्यटक म्हणून जाऊन बांधकामावर राबू नका. विनावेतन कामालाही परवानगी लागते. स्पेशल पाससाठी, म्हणजे थोड्या मुदतीच्या कामाच्या परवान्यासाठी, तिथल्या यजमान चर्चला आत्ताच अर्ज करायला सांगा. यलो फीव्हरची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस जिवंत विषाणूची आहे, त्यामुळे साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. किसुमूत मलेरिया बारमाही आहे, प्रतिबंधक गोळ्या टाळू नका. मात्र डॉक्सिसायक्लिनने कातडी उन्हाला हळवी होते आणि तुम्ही विषुववृत्तावर दिवसभर उघड्यावर असणार. दुसरी गोळी चालेल का ते विचारा, नाहीतर पूर्ण बाह्यांचे सदरे न्या.