युकुलेलेवर सस कॉर्ड शिकायचेत? ‘जी’पासून सुरू कर
बाबू, युकुलेले म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य; त्यावरच्या सस (सस्पेंडेड) कॉर्डच्या नावानं बिचकू नको. गावच्या भजनात पेटी ऐकत वाढलास, म्हणजे कान तयार आहेच. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर; मेजर कॉर्डमध्ये सा, ग, प असतात. गंधार काढून शुद्ध मध्यम घेतला की सस-फोर, शुद्ध ऋषभ घेतला की सस-टू. गंधार गेला की सूर अधांतरी राहतो, घरी परतायची ओढ लागते. मला ती ओढच सगळ्यात गोड वाटते.

आधी साधा जी मेजर धर, ०२३२ (जी, सी, ई, ए या तारांवरचे फ्रेट, म्हणजे दांडीवरच्या पट्ट्या; ० म्हणजे मोकळी तार): तर्जनी सी तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका ई तारेवर तिसऱ्या, मधलं बोट ए तारेवर दुसऱ्या. बोटं न हलवता करंगळी ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटला टेकव, झाला सस-फोर. आता करंगळी आणि मधलं बोट दोन्ही उचल, ए तार मोकळी वाजू दे, हा सस-टू. दर वेळी जीवर परत ये. चार-चार ठोके, अगदी सावकाश. करंगळी आठवडाभर कुरकुरेल, चालू दे.

रोज आधी तारा सुरात लावून घे, नवी नायलॉन तार उतरत राहते. आणि मे महिन्यात युकुलेले टिनाच्या छपराखाली ठेवू नको, उष्णतेनं सांधे सुटतात.