प्रवासासाठी सीपॅप निवडताना वजनाआधी काय पाहावे?

‘प्रवासासाठी छोटे सीपॅप मशीन घेतले, तर उपचार अपुरा पडेल का?’ हा प्रश्न झोपविकारांच्या समुपदेशनात मला वारंवार विचारला जातो, आणि बहुतेक वेळा त्याच्या आड दुसरीच एखादी अडचण असते. सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारे यंत्र. पन्नाशीतले एक गृहस्थ पत्नीसह हाच प्रश्न घेऊन आले होते. त्यांचा स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, तीव्र होता; झोपेच्या दर तासाला श्वास थांबण्याच्या किंवा मंदावण्याच्या घटना ३० पेक्षा जास्त होत्या. घरी ते मशीन नेमाने लावत. कामानिमित्त बाहेरगावी जाताना मात्र मशीन घरीच राहत असे. “दोन-चार रात्रींनी काय बिघडतं?” असे ते म्हणाले, तेव्हा पत्नी लगेच म्हणाल्या, “परत येतात तेव्हा यांचा चेहरा बघा. आणि तशात गाडी स्वतः चालवत येतात!”

पत्नीची काळजी रास्त होती. सीपॅपने आजार मुळातून बरा होत नाही. हवेच्या दाबाने घशाचा मार्ग मशीन चालू असेपर्यंतच उघडा राहतो. ते लावले नाही की श्वास अडकणे त्याच रात्री किंवा एक-दोन रात्रींत पुन्हा सुरू होते, आणि दिवसाची झापड त्यामागोमाग येतेच. म्हणून प्रवासातल्या रात्री उपचारातून वगळता येत नाहीत, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले.

त्यांनी फोनवर यंत्रांची यादी करून आणली होती आणि ती वजनाप्रमाणे लावली होती. घरचे मशीन ह्युमिडिफायरसह, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीसह, एक ते दीड किलोच्या आसपास असते, तर रेसमेड एअरमिनीसारखे यंत्र सुमारे ३०० ग्रॅमचे. त्यामुळे मोह पडणे स्वाभाविक आहे. दाबाच्या बाबतीत लहान यंत्र सहसा उणे ठरत नाही, कारण ४ ते २० सेंटीमीटर पाणी (हा दाब याच एककात मोजतात) हा नेहमीचा पल्ला तेही देते. ज्यांना श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारे बायपॅप लिहून दिलेले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे यंत्र घेऊ नये.

खरी अडचण मास्क आणि ओलावा या दोन गोष्टींत येते, आणि जाहिरातीत नेमके त्यांच्याकडेच दुर्लक्ष होते. काही छोट्या यंत्रांना ठरावीक मास्कच बसतात. या गृहस्थांना तोंडाने श्वास घेण्याची सवय असल्यामुळे नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागत होता, आणि तोही बऱ्याच खटाटोपानंतर त्यांच्या चेहऱ्याला बसला होता. शिवाय लहान यंत्रांत बहुधा पाण्याची टाकी नसते. उच्छ्वासातला ओलावा धरून ठेवणारी एक छोटी चकती नळीच्या मार्गात बसवलेली असते. कित्येकांना ती पुरते, पण ज्यांचे नाक लवकर कोरडे पडून चोंदते त्यांना ती पुरेलच असे नाही. म्हणून मी त्यांना सुचवले की, शक्य असल्यास यंत्र काही दिवसांसाठी भाड्याने घ्यावे, आधी घरच्याच पलंगावर वापरून पाहावे आणि त्यातली नोंद डॉक्टरांना दाखवावी.

यंत्राच्या आवाजावर बोलताना ते अडखळले आणि खरी गोष्ट बाहेर आली. “मॅडम, खोलीत सहकारी असतो. त्याच्यासमोर हे तोंडाला लावायचं म्हणजे कसंतरीच वाटतं.” त्यांना लहान यंत्र हवे होते ते दिसू नये म्हणून, पण यंत्र कितीही लहान असले तरी चेहऱ्यावरचा मास्क तेवढाच राहतो, आणि लहान यंत्राचा आवाज काही वेळा मोठ्यापेक्षा अधिकच जाणवतो. मग आम्ही सहकाऱ्याला सांगायचे वाक्य ठरवले: “मला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, म्हणून रात्री मशीन लावतो, थोडा आवाज येईल.” ते त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिले, पहिल्यांदा खाली बघत आणि नंतर सरळ माझ्याकडे बघत. माझ्या मते त्या बैठकीतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच झाले.

भाड्याच्या यंत्रासोबत आलेला मास्क बाजूने गळू लागला आणि सकाळी नाक चोंदलेले असायचे. तेव्हा डॉक्टरांशी बोलून त्यांनी नवीन खरेदीचा विचार सोडला आणि घरचेच मशीन न्यायचे ठरवले. विमानप्रवासाआधी टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची, मशीन सामानात न देता हातातल्या बॅगेत ठेवायचे आणि डॉक्टरांचे पत्र जवळ बाळगायचे, हे त्यांनी लिहून घेतले. बॅटरीचीही त्यांनी चौकशी केली होती. सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॉट-अवर (बॅटरीत साठणाऱ्या विजेचे माप) पर्यंतच्या बॅटरीला सहसा विमान कंपनीची परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत ती आधी घ्यावी लागते. मात्र ज्या खोल्यांत ते उतरत तिथे रात्रभर वीज असे, त्यामुळे बॅटरीची त्यांना गरजच नव्हती. वारंवार उघड्यावर तंबूत राहणाऱ्या माणसाला मी वेगळा सल्ला दिला असता, कारण तिथे कमी वीज खाणारे आणि ह्युमिडिफायर नसलेले छोटे यंत्रच सोयीचे पडते.

पुढच्या भेटीत मशीनमधली नोंद पाहिली, तेव्हा बाहेरगावच्या रात्रीही त्यात भरलेल्या होत्या. एक रात्र तेवढी कोरी होती. खोलीतला प्लग पलंगापासून लांब होता आणि वायर पोहोचत नव्हती. आता एक्स्टेन्शन बोर्ड त्यांच्या मशीनच्या बॅगेतच असतो.