माइक तुमचा, पैसे तुमचे, मग बिल भावाच्या दुकानाचं कशाला?

निपाणीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. घरी बसून मराठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करून पाठवायचं काम त्यांनी घेतलं, त्यासाठी कोल्हापूरच्या एका दुकानातून फोनवर ऑर्डर देऊन ५,९०० रुपयांचा कॉन्डेन्सर माइकचा सेट मागवला, पैसे स्वतःच्या खात्यातून यूपीआयने दिले. लॅपटॉपला लावला तर आवाज बारीक आणि मागे सतत खरखर. दुकानदार म्हणतो माइक ओके आहे, तुमच्या घरातला करंट खराब आहे, परत घेणार नाही, आणि आम्ही महाराष्ट्रात तुम्ही कर्नाटकात, काय करायचं ते करा. सगळं सांगून झाल्यावर शेवटी जाता जाता त्या लिहितात की बिल चुलतभावाच्या मोबाइल शॉपीच्या जीएसटी नंबरवर घेतलंय, चालेल ना?

ताई, तुमची सगळी केस त्या शेवटच्या वाक्यावर उभी आहे आणि तेच तुम्ही शेवटी लिहिलंत. असे प्रश्न मला सारखे येतात, कुणाचा लॅपटॉप, कुणाचा इन्व्हर्टर, कुणाची शिलाई मशीन, आणि दर वेळी बिल मेहुण्याच्या नाहीतर भावाच्या दुकानाच्या नंबरवर. तुमच्या बिलावर माल ५,००० आणि जीएसटी ९००, म्हणजे भावाने ते ९०० आपल्या रिटर्नमध्ये क्रेडिट म्हणून घेतले, दुकानाच्या भरायच्या टॅक्समधून वळते केले, आणि तुम्हाला परत दिले, बरोबर? त्या नऊशे रुपयांसाठी तुम्ही दुकानदाराच्या वकिलाच्या हातात पहिला मुद्दा आयता देऊन ठेवलाय.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(७). तिथे ग्राहक कोण ते लिहिलंय. पैसे देऊन माल घेणारा ग्राहक, त्याच्या संमतीने तो माल वापरणाराही ग्राहक, पण धंद्यासाठी किंवा पुन्हा विकायला घेतलेला माल असेल तर ग्राहक नाही. आता २९ ने सुरू होणारा कर्नाटकातला जीएसटी नंबर घातलेलं बिल समोर ठेवून दुकानदार म्हणणार, आम्ही एका मोबाइल शॉपीला धंद्यासाठी माल विकला, त्यांनी टॅक्सचं क्रेडिटसुद्धा घेतलं, ह्या बाई कोण? मग माइक चांगला की वाईट ह्यावर एक शब्दही न बोलता तक्रार बाहेर जाऊ शकते.

त्यात तुम्ही दुकानदाराला रागाच्या भरात मेसेज टाकलाय, "माझ्या स्टुडिओचा बिझनेस बुडाला, भरपाई द्या". कुठला स्टुडिओ ताई? माडीवरच्या खोलीत गादीवर बसून तुम्ही वाचता. ही जोर दाखवायची भाषा ग्राहक आयोगासमोर उलटते, धंदा होता हे तुम्ही स्वतःच लिहून दिलंय म्हणतील.

तरी वाट आहे. ह्याच कलमाच्या खाली स्पष्टीकरण आहे, की स्वयंरोजगारातून केवळ आपलं पोट भरण्यासाठी माल घेतला आणि स्वतःच वापरला तर ते व्यापारी कारण धरत नाहीत. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात जुन्या कायद्याखाली हेच समजावलं होतं, स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा रिक्षावाला ग्राहकच. स्वतःच्या आवाजात वाचून कमावणारी बाई त्यापेक्षा वेगळी नाही असं मी म्हणेन. पण तुम्ही कुठे पगारी नोकरीलाही असाल तर "केवळ" ह्या शब्दावर ते अडवतील, मग वेगळी मांडणी करावी लागेल, नोकरीचं तुम्ही काही लिहिलेलं नाही तेव्हा ते आधी कळवा.

म्हणून नोटीस पाठवायच्या आधी हे करा. भावाला त्याच्या टॅक्स कन्सल्टंटकडे पाठवा, हा माइक दुकानाच्या कामाचा नव्हता तेव्हा ते क्रेडिट नियमाप्रमाणे परत भरायला सांगा, व्याज लागत असेल तर व्याजासकट. ते ९०० तुम्ही भावाला द्या. मग भावाचं प्रतिज्ञापत्र घ्या: पैसे बहिणीने दिले, माइक तिच्या पत्त्यावर आला, तीच वापरते, क्रेडिट चुकून घेतलं होतं आणि परत केलं. त्याला तुमच्या बँक स्टेटमेंटचं ते पान आणि कुरिअरचं लेबल जोडा. आयोग हे मानेलच असं मी लिहून देत नाही, पण लपवून ठेवलं आणि समोरच्याने काढलं तर तुमच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि दुकानदार तयार झाला तरी मागच्या तारखेचं नवीन बिल आणू नका, नाहीतर साधी तक्रार खोट्या कागदाच्या भानगडीत जाईल.

आता माइकचं. तुम्ही पाठवलेली क्लिप मी हेडफोन लावून ऐकली आणि फोटोतली केबल नीट बघितली. एका टोकाला तीन पिनांचं गोल एक्सएलआर कनेक्टर, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी ३.५ एमएमची पिन. हा माइक बिघडलेला नसावा. असल्या कॉन्डेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, लागते, ती ऑडिओ इंटरफेस (माइक आणि लॅपटॉपच्या मधलं उपकरण) किंवा मिक्सरमधून मिळते, लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून मिळतात जेमतेम दोन-पाच व्होल्ट. त्यामुळे आवाज बारीक येतो, तो मोठा करायला तुम्ही गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, वाढवता आणि आवाजाबरोबर खरखरही वाढते, क्लिपमध्ये अगदी तसंच ऐकू येतंय.

"मग माइक चांगलाच आहे की" असं म्हणून दुकानदार सुटत नाही. कलम २(१०) मध्ये दोष म्हणजे नुसती मोडतोड नाही, विकणाऱ्याने मालाबद्दल कुठल्याही प्रकारे जो दावा केला त्यात माल कमी पडला तर तोही दोष. आणि तुमच्या चॅटमध्ये, ऑर्डर द्यायच्या आदल्या दिवशी, त्याचं उत्तर आहे: "डायरेक्ट लॅपटॉपला चालतो मॅडम, वेगळं काय लागत नाही". तुमच्याकडचा सगळ्यात भारी कागद हाच. तो फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका, छापील प्रतीबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे मोबाइलमधल्या पुराव्याच्या प्रतीला लागणारं, सर्टिफिकेट जोडू. माइक बिघडलाय असं तक्रारीत लिहिलंत तर लॅब टेस्टिंगचा विषय निघेल, त्याची फी तुम्हाला भरायला लावू शकतात आणि तारखा वाढतील. खोटं सांगून विकला, हेच लिहा.

करंटवाल्या मुद्द्याचं उत्तर आत्ताच तयार करा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक मिनिट रेकॉर्ड करा, मग चार्जर लावून तेच वाक्य, दोन्ही वेळा मोबाइलने व्हिडिओ काढा. जुन्या घरात अर्थिंग नसलं तर चार्जर लावल्यावर घूं असा आवाज येतो, तो खरंच घराचा दोष. पण चार्जर काढूनही खरखर तशीच राहिली तर करंटची सबब संपली. खोलीत आवाज घुमतो अशी तक्रार मात्र करू नका, तो पत्र्याचा आणि उघड्या भिंतींचा परिणाम आहे, दोन रजया टांगून बघा.

बेळगाव की कोल्हापूर ह्यात वेळ घालवू नका. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, म्हणजे बेळगावात. बिलाखाली "कोल्हापूर न्यायकक्षेत" छापलंय म्हणून घाबरू नका, "विकलेला माल परत नाही" हेही तसंच. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. तक्रार ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन टाकता येते, फक्त ती कन्नड किंवा इंग्रजीत लिहून घ्या आणि मराठी चॅटचं भाषांतर जोडा, नाहीतर त्यावरूनच एखादी तारीख जाईल. कायदा म्हणतो समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निकाल. मी एवढी वर्षं ह्या आयोगांच्या पायऱ्या चढतोय, तक्रार टाकून तीन महिने झाले तरी कधी कधी नोटीस लागल्याचा कागदसुद्धा परत आलेला नसतो आणि ५,९०० च्या माणसाचा तिसऱ्या तारखेला धीर सुटतो, ह्याचा मला मनापासून राग येतो. म्हणून आधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं, बरेच दुकानदार तिथूनच फोन गेला की नरम येतात. मुदतीचं म्हणाल तर दोन वर्षं आहेत, तुमचं बिल ऑगस्ट २०२५ चं आहे, पण "बघतो, करतो" असे मेसेज येत राहिले म्हणून ती मुदत वाढत नाही.

दुकानदार आता १,२०० रुपयांत फँटम पॉवरचा डबा घ्या म्हणतोय ना, तो घेऊ नका. डबा माइकला व्होल्टेज देईल, पण पुढे आवाज जाणार लॅपटॉपच्या त्याच भोकात, खरखर पूर्ण जाईल ह्याची खात्री नाही. त्याने इंटरफेस कमी पैशात दिला तर विचार करा, पण "हिशोब पूर्ण मिटला" असल्या कागदावर सही नको.

नवीन घ्यायचाच झाला तर तुमच्या बजेटमध्ये यूएसबी वायरचा डायनॅमिक माइक बघा, कार्डिऑइड पॅटर्नचा, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा. तो लॅपटॉपला थेट लागतो, आणि तोंडाजवळ चार बोटांवर धरून वाचायची सवय केली तर रस्त्यावरचे ट्रॅक्टर आणि खोलीचं घुमणं कॉन्डेन्सरपेक्षा कमी येतं. "लॅपटॉपला थेट चालेल का" हे दुकानदाराकडून मेसेजवर लिहून घ्या आणि बिल तुमच्याच नावावर, जीएसटी नंबर न घालता.

जुना माइक, ती केबल आणि खोका जसाच्या तसा ठेवा, कुणाला वापरायला देऊ नका. भावाचं प्रतिज्ञापत्र झालं की चॅटच्या प्रतींबरोबर पाठवा, नोटीस मी मराठीतच काढतो, कोल्हापूरच्या दुकानदाराला पंधरा दिवस देऊ.