नाव बदललं, मग जुन्या नावाचं काय करायचं?

शास्त्रीय नावांबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले सारखे सारखे वाटणारे एकत्र करून घेतले.

प्रश्न: आम्ही शाळेत तुळशीचं नाव ओसिमम सँक्टम पाठ केलं होतं, आता मुलीच्या पुस्तकात ओसिमम टेन्युइफ्लोरम दिसतं. आम्हाला चुकीचं शिकवलं का?

चुकीचं नाही, नंतरचं नाव शिकवलं. गंमत म्हणजे दोन्ही नावं लिनिअसनेच (दोन शब्दांच्या शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ) दिलीयत, टेन्युइफ्लोरम 1753 मध्ये आणि सँक्टम 1767 मध्ये, त्याच्या मते ती दोन वेगळी झाडं होती. पुढच्या अभ्यासकांनी ती एकच जात ठरवली, आणि एकदा तसं ठरलं की नियम सरळ आहे, आधीचं नाव राहणार. वनस्पतींची मोजणी 1753 पासून, प्राण्यांची 1758 पासून, त्याच्या आधी कुणी काय म्हटलं ते धरत नाहीत. मागे पडलेलं नाव म्हणजे सिनॉनिम.

पण सिनॉनिम म्हणजे रद्दी नव्हे हं. तुळशीच्या औषधी गुणांवरचे ढीगभर पेपर सँक्टम याच नावाखाली छापलेत, त्यामुळे नुसतं नवीन नाव टाकून सर्च केलंत तर ते हाती लागणारच नाहीत. दोन्ही नावं टाकून शोधायचं.

प्रश्न: बाभळीचं अकेशिया निलोटिका बदलून व्हॅचेलिया निलोटिका झालं म्हणतात. हे ठरवतं कोण? कुठून ऑर्डर निघते का?

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. कुठलं झाड कुठल्या जीनसमध्ये (जवळच्या जातींचा गट, नावातला पहिला शब्द) बसतं हे कुठलीच समिती ठरवत नाही, ते अभ्यासकांचं मत असतं, पुरावे देऊन मांडलेलं, आणि ते बाकीच्यांना पटलं तर चालतं नाहीतर नाही. नियमावली फक्त एवढंच सांगते की तुमचं मत हे असेल तर नाव हे वापरा.

आता बाभूळ. लिनिअसने 1753 मध्ये तिला मिमोसा निलोटिका म्हटलं, मग ती अकेशियात गेली, म्हणजे आत्ताचं हे काही पहिलं स्थलांतर नाही. अकेशिया हा हजाराहून जास्त जातींचा अवाढव्य जीनस आणि त्यातल्या बहुतेक जाती ऑस्ट्रेलियातल्या. डीएनए बघायला लागल्यावर कळलं की हा एक गट नाहीचे, वेगवेगळे गट एका नावाखाली कोंबलेत. मग फोडायचा तर अकेशिया हे नाव कुणाकडे राहणार? नियमाने ज्या गटात टाइप, म्हणजे ज्या जातीला ते नाव कायमचं बांधलेलं असतं ती जात, त्या गटाकडे. आणि टाइप होती आपली बाभूळच! म्हणजे सगळ्या ऑस्ट्रेलियन झाडांची नावं बदलायची वेळ आली असती. मग 2005 च्या व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये टाइपच बदलून एक ऑस्ट्रेलियन जात नेमली, त्यावरून केवढं तरी रणकंदन झालं, 2011 ला मेलबर्नला परत तो विषय निघाला आणि निर्णय कायम राहिला. बाभूळ व्हॅचेलियात गेली, खैर सेनेगालिया कॅटेचू झाला. बदल कमीत कमी व्हावेत हा हिशोब मला कळतो, पण ज्या झाडावरून नाव ठरलं तेच बाहेर, हे काही मनाला पटत नाही.

आणि हो, कुणी अजूनही सगळा गट एकच मानून अकेशिया निलोटिका लिहिलं तर ते बेकायदा नाही. बहुतेक जण आता तसं मानत नाहीत, इतकंच.

प्रश्न: काही नावांपुढे लिनिअस कंसात असतो, काहींपुढे कंसाशिवाय. प्रिंटिंग मिस्टेक का?

नाही नाही, मुद्दाम असतं ते. कंस आहे म्हणजे जात त्याचीच पण तेव्हा जीनस वेगळा होता. सिंहाला त्याने 1758 मध्ये फेलिस लिओ म्हटलं होतं, आता पँथेरा लिओ, म्हणून लिनिअस कंसात. वनस्पतींमध्ये कंसानंतर आणखी एक नाव येतं, ते हलवणाऱ्याचं.

प्रश्न: उद्या कुणाला कपाटात अजून जुनं नाव सापडलं तर सगळं परत बदलायचं?

ही भीती नियम करणाऱ्यांनाही होतीच. प्राण्यांच्या नियमावलीत सोय आहे: जुनं नाव 1899 नंतर कुणीच वैध म्हणून वापरलं नसेल, आणि नवं नाव गेल्या 50 वर्षांत किमान 10 लेखकांनी 25 तरी लेखनांत वापरलं असेल, तेही निदान 10 वर्षांच्या अंतरात पसरलेलं, तर नवंच ठेवता येतं. यात बसत नसेल तर प्राण्यांच्या नावांचे नियम सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे अर्ज करायचा. अर्ज दरवेळी मान्य होतोच असं नाही. लॅबमधली फळमाशी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर, तिचा जीनस फोडला तर ती सोफोफोरा होणार, म्हणून तिलाच टाइप करा असा अर्ज होता, तो 2010 मध्ये फेटाळला. बहुतेकांनी मग जीनस न फोडणंच पसंत केलं.

आणि सिनॉनिम परत जिवंतही होतो. डायनासॉरची दोन नावं बघा, अ‍ॅपॅटोसॉरस 1877 चं, ब्राँटोसॉरस 1879 चं, 1903 मध्ये दोन्ही एकच म्हणून ब्राँटोसॉरस बाद, आणि 2015 च्या एका अभ्यासाने हाडं नव्याने तपासून ते वेगळेच आहेत म्हटलं. अर्थात सगळ्यांना ते मान्य नाही.

प्रश्न: प्रोजेक्टमध्ये मग नक्की कुठलं नाव लिहू? दोन वेबसाइट दोन नावं दाखवतात.

झाडांसाठी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन बघा, बाकी कॅटलॉग ऑफ लाइफ. जमत नसेल त्यांचं तर कुठलंही एक धरा, शेवटपर्यंत तेच ठेवा आणि कुठून घेतलं ते सुरुवातीलाच लिहून टाका. पहिल्यांदा नाव येईल तिथे जुनं नावही द्या. हर्बेरियम शीट (वाळवलेली वनस्पती चिकटवलेला कागद) असेल तर जुनं लेबल खोडायचं किंवा काढायचं नाही, नवीन नाव, आपलं नाव आणि तारीख लिहून वेगळी चिठ्ठी शेजारी चिकटवायची. आणि जीनस बदलला की दुसऱ्या शब्दाचं शेपूट तपासा, लॅटिनमध्ये लिंग जुळावं लागतं, फ्रिंजिला डोमेस्टिका असलेली चिमणी पॅसरमध्ये गेल्यावर डोमेस्टिकस झाली.