अ‍ॅस्ट्रो या वेबसाइट बनवायच्या साधनात रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत लिहिलेला कॅल्क्युलेटर दिसतो, पण बटण दाबलं तरी ढिम्म हलत नाही. असं का?

तुमच्या कोडमध्ये चूक नाही, अ‍ॅस्ट्रोचा स्वभावच तसा आहे. बिल्डच्या वेळी, म्हणजे साइटची पानं तयार करताना, तो तुमचा कंपोनंट (इथे कॅल्क्युलेटरचा कोड) एकदा चालवतो, त्यातून निघालेलं एचटीएमएल पानात ठेवतो आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरकडे पाठवतच नाही. म्हणजे तुम्हाला दिसतोय तो कॅल्क्युलेटरचा फोटो समजा.

जिवंत हवा असेल तर पानात जिथे कंपोनंट वापरलाय, तिथे त्या टॅगवर 'क्लायंट' डिरेक्टिव्ह लावा, म्हणजे कोड ब्राउझरकडे कधी पाठवायचा ते सांगणारी खूण. कंपोनंटच्या फाइलच्या आत नव्हे, इथे बरेच जण फसतात. या डिरेक्टिव्हचे प्रकार आहेत: 'लोड' लावलं तर पान उघडताच कोड येतो, 'आयडल' लावलं तर ब्राउझर मोकळा झाल्यावर, आणि 'व्हिजिबल' लावलं तर वाचक स्क्रोल करत तिथवर पोचल्यावर. कॅल्क्युलेटर लेखाच्या तळाशी असेल तर डोळे मिटून 'व्हिजिबल' घ्या. सगळीकडे 'लोड' लावायचं असेल तर मग अ‍ॅस्ट्रो घेतलंच कशाला?

आता पुढची ठेच आधीच सांगतो. कंपोनंट रेंडर होतानाच, म्हणजे त्याचं एचटीएमएल बनतानाच, ब्राउझरने पुरवलेलं 'विंडो' किंवा 'लोकलस्टोरेज' वापरत असेल तर बिल्ड कोसळेल, कारण तिथे ब्राउझरच नसतो. ते काम 'यूजइफेक्ट'मध्ये हलवा, रिअ‍ॅक्टचा हा भाग ब्राउझरमध्येच चालतो. अगदीच जमत नसेल तर 'क्लायंट'चाच 'ओन्ली' हा प्रकार लावा आणि त्याला 'रिअ‍ॅक्ट' हे नाव द्या, पण मग बिल्डमध्ये त्या जागी काहीच छापलं जात नाही. आणि हो, अ‍ॅस्ट्रोच्या पानातून 'क्लायंट' लावलेल्या कंपोनंटला प्रॉप (बाहेरून दिलेलं मूल्य) म्हणून फंक्शन देऊ नका, ते ब्राउझरपर्यंत पोचत नाही.